नकाशाचे उरलेले तीन कोपरे

पंचाक्षरी मैंदर्गी हा मुळात बैठा माणूस. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी एकाच उंच स्टुलावर बसून काढली. काम नक्षीचं. चौकटीचौकटींचा मोठा कागद समोर पसरायचा आणि एकेक घर रंगवत मोर, कमळ, वेलबुट्टी उभी करायची. त्या कागदावरून मग पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि त्या भोकांच्या हुकमानं मागावर चादर विणली जायची. एका नक्षीला पंधरा-पंधरा दिवस. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग कानठळ्या बसवत असायचे आणि हे आपले मान खाली घालून घरं भरत बसलेले. मालक गमतीनं म्हणायचे, मैंदर्गींना उठवायचं तर आधी स्टूल विकावं लागेल. तर असा हा माणूस, निवृत्त होऊन वर्ष झालेला, आणि त्या आठवड्यात त्याला पाच मिनिटं एका जागी बसवेना.

श्रीदेवीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, हे लक्षात आलं मंगळवारी. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, पिंप भरून वाहत होतं, आणि पंचाक्षरी हातात नळी धरून भिंतीकडं बघत उभे होते.

"री," ती म्हणाली. घरात कानडी, त्यामुळं नवऱ्याला हाक मारायची तीही तशीच. "पाणी पायावरनं चाललंय तुमच्या."

"व्हय."

"व्हय काय? बंद करा की. पाच दिवसांनी आलेलं पाणी गटारीला घालताय."

त्यांनी नळ बंद केला, आत आले, खुर्चीवर बसले, उठले, चपला घातल्या, काढल्या आणि परत बसले. मग म्हणाले, "देवयानीबाईंचा फोन आलता पुण्यावरनं. उरलेले तीन कोपरे मागतेत."

श्रीदेवीनं कपाळाला हात लावला. तिला वाटलं होतं, साखर वाढली असेल.

हे कोपऱ्यांचं प्रकरण समजायचं तर बारा वर्षं मागं जायला हवं. तेव्हा कारखान्यात कॉम्प्युटर आला. नक्षी पडद्यावर निघायला लागली आणि चौकटीच्या कागदाचे गठ्ठे माळ्यावर पडून राहिले. मालक म्हणाले, घरी न्या, रद्दीत तरी घालू नका. पंचाक्षरींनी ते घरी आणले. संध्याकाळी हात शिवशिवायचा, पण मोर काढून काढून जीव विटलेला. म्हणून एका कागदावर त्यांनी डोंगर काढला. डोंगराखाली नदी काढली. एक घर म्हणजे एक कोस असं धरलं. नदीकाठी गाव आलं, गावाला वेस आली, वेशीवर पहारेकरी आला, आणि त्या पहारेकऱ्याला आठवड्यातून एकच दिवस बोलायची परवानगी का आहे, हे लिहायला वही आली.

त्या मुलखाचं नाव त्यांनी ठेवलं तांबडमाळ. तिथल्या विहिरी वर्षातून एकदा जागा बदलतात. तिथं मेलेली माणसं अमावास्येच्या बाजाराला येतात, सगळं विकत घेऊ शकतात, पण त्यांना भाव करता येत नाही. श्रीदेवी म्हणायची, ह्यांना स्वतःला मंडईत कधी भाव करता आला न्हाय, ते मेलेल्यांवर ढकललंय. ती चेष्टा करायची, पण शाई संपली की नव्या पेठेतून आणूनही तीच द्यायची.

मुलगी इंद्रायणी नोकरीला पुण्यात गेली, आणि तिथं तिनं एक खेळ पाहिला. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही वेशीपाशी आलाय, दार बंद आहे, आतून रडण्याचा आवाज येतोय. बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असतं, कुणी भालाईत, कुणी वैदू, कुणी चोर. ते सांगतात आम्ही काय करतो ते. अवघड काही असलं की फासे टाकायचे आणि जे पडेल ते सोसायचं. जिंकणं-हरणं नाही, गोष्ट पुढं जाते एवढंच. असा एकेक खेळ वर्षानुवर्षं चालतो, आणि तो चालायला एक मुलूख लागतो: गावं, वाटा, राजे, भुतं. इंद्रायणीला वाटलं, असा मुलूख तर आमच्या घरी खाटेखाली आहे. ती पहिली वही घेऊन देवयानीबाईंकडे गेली. मराठीत ह्या खेळाची पुस्तकं काढायची असं त्यांच्या प्रकाशनानं नुकतंच मनावर घेतलं होतं. बाईंना वही आवडली. त्यांनी निरोप पाठवला, नमुन्याला नकाशा पाठवा.

आणि इथं पंचाक्षरींनी घोटाळा केला, जो चादरीची नक्षी काढणाराच करू जाणे. चादरीला चारी कोपरे सारखे असतात, म्हणून नक्षीवाला एकच कोपरा काढतो. बाहेरच्या दोन बाजूंना किनार, आणि आतल्या दोन बाजूंना, जिथं चादरीचा मध्य येतो, तिथं दोन बारीक बाण. बाणाचा अर्थ: इथून पुढं तुम्ही समजून घ्या. पुठ्ठे पाडणारा समजतो, माग लावणारा समजतो. पाव चादर विणून कुणी बाजारात नेत नाही. नमुना मागितल्यावर पंचाक्षरींनी धंद्याच्या रीतीप्रमाणं एक कोपरा पाठवला, आतल्या बाजूंना बाण काढून. आता बाई म्हणतील, नमुना पसंत, बाकीचे तीन धाडा. तांबडमाळचे कोपरे चादरीसारखे सारखे नव्हते, तिन्ही वेगवेगळे होते, तयार होते, ट्रंकेत होते.

बाईंनी काही मागितलं नाही. चार महिन्यांनी टपालानं पुस्तकच आलं. आत एका कोपऱ्याचा नकाशा, तोच सगळा मुलूख म्हणून छापलेला. उत्तरेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, आणि पूर्वेला-दक्षिणेला रस्ता मध्येच तुटलेला, नदी चिरल्यासारखी थांबलेली, आणि तिथं ते दोन बाण, चित्रकारानं सोनेरी करून टाकलेले. मलपृष्ठावर बाईंनी लिहिलं होतं, "पुढं काय आहे, ते तुम्ही ठरवा."

पंचाक्षरींना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. पाव चादर बाजारात गेली होती, तीही त्यांच्या नावानं. पण बोलायची सोय कुठं होती? बाई फोनवर म्हणाल्या, "सर, ती उघडी कड म्हणजे कमाल सुचली तुम्हाला." कमाल म्हटल्यावर चूक कसं म्हणायचं! ते गप्प बसले, आणि नवल म्हणजे लोकांना ती कडच आवडली. सोलापुरात, नांदेडात, चिपळुणात खेळाच्या बैठका सुरू झाल्या. लोक कडेपलीकडं जायला लागले. पंचाक्षरी मात्र एकाही बैठकीला गेले नाहीत. आपल्या पाव मुलखाचं लोक काय करतात, ते बघायची त्यांना लाज वाटायची.

आता तीन वर्षांनी इंद्रायणीनं कौतुकाच्या भरात बाईंना सांगून टाकलं की अप्पांकडं बाकीचा मुलूख केव्हाचा तयार आहे. मग काय! सोमवारी सकाळीच फोन. देवयानीबाईंचा सगळा बेत ठरलेला होता. तिन्ही कोपऱ्यांचा एक महाग्रंथ काढायचा, हजार वर्षांचा इतिहास, राजांच्या वंशावळी, गावन्‌गाव पक्कं. पुढच्या वर्षी महायुद्ध, त्यात अर्धा मुलूख जाळायचा. त्याच्या पुढच्या वर्षी जळलेल्या मुलखाचं पुस्तक. "रविवारी मी सोलापूरला येतेय, ग्रंथप्रदर्शन आहे. कागद हातातच घेऊन जाते," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता हेही म्हणाल्या, "करारात विस्ताराचा हक्क आमच्याकडं आहे, सर. एक तरुण लेखक तिन्ही कोपरे लिहून द्यायला तयार आहे. पण तुमचे असताना दुसऱ्याचे कशाला?"

करार पंचाक्षरींनी वाचला नव्हता. आपलं नाव छापलेलं बघूनच सही केली होती.

पहिला तासभर त्यांना आनंद झाला, आणि तो लपवण्यासारखा नव्हताच. ट्रंक ओढली, कागद जमिनीवर मांडले, मिठाचं सरोवर दुपारच्या उजेडात पुन्हा डोळे भरून पाहिलं. त्या सरोवराला एक आख्खा हिवाळा गेला होता, तीस घरं लांब, एकेक घर पांढरं सोडून कडेनं निळं. बारा वर्षांनी चादर पुरी होणार होती.

तेवढ्यात मोबाईल वाजला. संस्कृती नावाच्या मुलीचा निरोप. ती वेळापूरची, सोलापुरात शाळेत शिकवते आणि रविवारी सातरस्त्याला खेळाची बैठक चालवते. प्रकाशनाकडून उत्तर येत नाही म्हणून नंबर मिळवून ती अधूनमधून पंचाक्षरींनाच शंका विचारायची. तिनं लिहिलं होतं, "काका, रविवारी आमचा शंभरावा खेळ हाय. कडेपलीकडच्या आमच्या गावात. एकदा तरी या की."

कडेपलीकडच्या गावात. पंचाक्षरींनी नकाशावर बोट ठेवलं. रस्ता जिथं तुटला होता, तिथून पलीकडं त्यांच्या कागदावर एकही गाव नव्हतं. सगळं मिठाचं पाणी, माणूस राहील अशी जागाच नव्हती. तेव्हापासून त्यांचं बूड जे उठलं ते टेकायचं नाव घेईना.

मग आठवडाभर नुसती वणवण. सकाळी उठून सिद्धेश्वर तलावाला फेरी, आणि घरी आल्यावर आठवायचं की आपण फिरलो पण तलाव पाहिलाच नाही. कन्ना चौकात चहा सांगायचा आणि येण्याआधी उठून चालू लागायचं. बुधवारी स्कूटर काढून ते थेट जुन्या कारखान्याच्या फाटकाशी गेले. पहारेकऱ्यानं विचारलं, "काय मैंदर्गीसाहेब, काय विसरलं का?" "काय न्हाय," म्हणून ते आल्या पावली परतले. जेवताना पाय हलायचा. ताटातली शेंगाचटणी दुसऱ्यांदा वाढून घ्यायची आणि तशीच ठेवायची.

"आता घोडं कुटं अडलंय?" श्रीदेवीनं शेवटी विचारलं. "आपलं हाय, छापतेत, द्या की. बारा वर्षं त्याच्यापायी मी खाटेखाली झाडू घातला न्हाय."

"दिलं तर तिथली पोरं बुडतील."

"आन न्हाय दिलं तर?"

"तर दुसरा कोन तरी बुडवंल."

"मग दगडापेक्षा वीट मऊ," श्रीदेवी म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. तिचं चुकत होतं असंही नव्हतं. म्हणूनच त्यांना जास्त त्रास झाला.

रविवारी देवयानीबाई आल्या, पंचाक्षरींनी त्यांना स्टेशनवरच गाठलं. पन्नाशीच्या, चटपटीत, हातात दोन मोबाईल. कागद नेण्यासाठी त्यांनी लांब नळकांडंही आणलं होतं. पंचाक्षरी म्हणाले, "कागद घरी हायत. आधी एका ठिकाणी जाऊ. अर्धा तास." बाईंनी घड्याळ पाहिलं, प्रदर्शनाला फोन केला, आणि दोघं रिक्षात बसले. रिक्षात पंचाक्षरींचा गुडघा इतका हलत होता की बाई दोनदा सरकून बसल्या.

बैठक शिवणक्लासच्या वरच्या खोलीत होती. शिलाई मशिनं भिंतीला लावलेली, मध्ये कापड कापायचं लांब टेबल. सूत्रधाराच्या जागी संस्कृती, सव्वीस-सत्तावीसची, आवाज वर्गावरचा. तिच्या उजव्या हाताला चंद्रिका, एका दवाखान्यात नर्स, ड्युटी संपवून तशीच आलेली. समोर शिवू, चाळिशीचा, टॉवेलच्या कारखान्यात माग चालवणारा. आणखी दोघं होते. पंचाक्षरी आत आले तसे सगळे उठून उभे राहिले, आणि त्यांना कुठं बघावं ते कळेना.

देवयानीबाईंनी मात्र बरोबर बघितलं. टेबलावरचं पुस्तक उचललं, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, "ही तर झेरॉक्स आहे."



"व्हय ताई," संस्कृती म्हणाली. ती डगमगली नाही. "पुस्तक कुटं मिळतंय? आठ महिने झाले, दुकानदार म्हणतो संपलं. तुमाला चार मेल केले. नदीच्या पुराचा नियम दोन पानांवर दोन तऱ्हेचा हाय, तेबी विचारलं. उत्तर न्हाय. मग काय खेळ बंद ठेवायचा?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांना ते मेल आठवत होते की नाही कोण जाणे. त्या भिंतीकडेच्या स्टुलावर बसल्या.

"आन काका, हितं नुसतं बघायला जागा न्हाय," संस्कृती पंचाक्षरींकडं वळली. "सोंग घ्या कायतरी."

"मी? मी काय... पाणाड्या. जमिनीखालचं पाणी हुडकणारा."

"झकास. आमाला हवाच हाय पाणाड्या."

टेबलावर नकाशा पसरला होता. छापलेल्या कोपऱ्याला पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून चिकटपट्टीनं कागद जोडलेले, वहीचे, कॅलेंडरच्या पाठीचे, एक तर औषधाच्या जाहिरातीचा. पंचाक्षरी उभे राहूनच बघू लागले. तुटलेला रस्ता पेनानं पुढं गेला होता, आणि त्याच्या टोकाला गाव होतं. नाव नवी वेस. त्यांनी सवयीनं घरं मोजली. पूर्वेला अकरा, दक्षिणेला सतरा. बरोबर त्यांच्या मिठाच्या सरोवराच्या मधोमध.

"हितलं पाणी खारं असणार," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"न्हाय काका," चंद्रिका म्हणाली, "हितलं पाणी गोड हाय. विहीर आमी खणलीय. सतरा वेळा फासे टाकून. सोळा वेळा दगड लागला. ह्या शिवूचं पहिलं सोंग त्या विहिरीतच दबून मेलं."

"लई चांगलं सोंग होतं," शिवू म्हणाला. त्याला अजून वाईट वाटत होतं.

पंचाक्षरी खुर्चीत बसले, उठले, दुसऱ्या बाजूला गेले. आपण एक हिवाळाभर निळ्या शाईनं जे भरलं, ते ह्या माणसांनी तीन वर्षांत उपसून कोरडं केलं होतं, आणि त्यात चुली पेटवल्या होत्या. राग यावा असं त्यांना वाटत होतं, पण येईना. दक्षिणेकडच्या शेवटच्या कागदावर एक बाण दिसला, आणि त्यापुढं काहीच नव्हतं. बाणाशेजारी लिहिलं होतं, सिद्धप्पा.

"हे कोन?"

चंद्रिका म्हणाली, "सिद्धप्पामामा. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झाल्यावर आमच्यात यायला लागले. सोंग धनगराचं. गेल्या श्रावणात गेले ते, हार्टनं. त्यांच्या धनगराला आमी मारलं न्हाय. मेंढरं घेऊन दक्षिणंला गेलाय तो. कुटं पोचला ते ठरवायचं न्हाय, असं ठरलंय आमचं."

"तिकडं कुणीच जात न्हाय मग," शिवू म्हणाला.

पंचाक्षरींना ठाऊक होतं तो कुठं पोचला. सरोवराच्या दक्षिणेला गंधकाची दरी होती, बावीस घरं रुंद. तिथं गवताचं पातं नव्हतं. हे वर्णन त्यांनी वहीत चार पानं लिहिलं होतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता.

"जरा बाहेर येतो," ते म्हणाले, आणि जिन्यात गेले. पाठोपाठ देवयानीबाई आल्या. खालच्या टपरीवरून दोन चहा सांगितले गेले. पंचाक्षरी एक पायरी चढत होते, एक उतरत होते.

"छान आहेत मुलं," बाई म्हणाल्या. "पण सर, अशी टेबलं किती? पन्नास? दुकानदाराला दरवर्षी नवं पुस्तक हवं. नाही दिलं तर तो फळीवरची जागा दुसऱ्याला देतो, आणि मग तांबडमाळ वर्षात विसरलं जातं. मी काय हौस म्हणून महायुद्ध करतेय?"

हे खोटं नव्हतं. पंचाक्षरी भलतंच बोलले. "तुमी एकदा तरी खेळायला बसलाय का, बाई?"

"नाही."

"मीबी न्हवतो बसलो. आपण दोघं उंटावरनं शेळ्या हाकत हुतो."

बाई हसल्या नाहीत. पंचाक्षरींची जीभ मात्र सैल झाली, आणि तेहतीस वर्षांत स्टुलावर बसून जे कधी बोलले नाहीत ते त्या जिन्यात उभ्यानं बोलले. चादर विकल्यावर गिऱ्हाइकानं ती कुणासाठी अंथरावी हे कारखाना सांगत नाही. पण उसवली तर त्याच रंगाचा दोरा मिळाला पाहिजे, आणि दुसरी हवी असली तर दुकानात असली पाहिजे. ह्या लोकांचं पुस्तकच आठ महिने बाजारात नाही. कुणी शंका विचारली तर महिन्याच्या आत उत्तर द्यायला एक माणूस नाही. ह्यांना हजार वर्षांचा इतिहास घेऊन काय करायचाय? ह्यांना एका संध्याकाळचं काहीतरी द्या, पातळ, कुठल्याही गावाला लागू पडेल असं: एक पूल, एक बाजार, एक भांडण. नावांची यादी द्या, सूत्रधाराला ऐन वेळी नाव सुचत नाही. चौकटीचा कोरा कागद द्या, मोठा, कडेला जुळेल असा, म्हणजे कॅलेंडरं फाडावी लागणार नाहीत. आणि नव्या पुस्तकानं जुन्यावर बांधलेलं घर पाडायचं नाही. महायुद्ध करून तुम्ही कागद जाळाल, पण त्यात नवी वेस जाईल, आणि ती तुमची नाही, माझीही नाही.

"आणि तुमचे तीन कोपरे?" बाईंनी विचारलं. "बारा वर्षं, सर."

पंचाक्षरी पहिल्यांदाच थांबले. "ती उघडी कड चूक होती बाई. नमुना म्हणून कोपरा पाठवलाता मी. चादरीचा पाठवतेत तसा. बाण म्हंजे पुढं अजून हाय, मागवा."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. हसू आलं होतं, ते अर्ध्यावर राहिलं. "म्हणजे ते सगळं छापून यावं असं तुम्हाला वाटत होतं? तीन वर्षं?"

"लई वाटत होतं. अजून वाटतंय." ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. बायकोपुढंसुद्धा त्यांना असं रडू आलं नव्हतं. "पण तिथं सरोवर हाय माझं. ही सगळी माणसं त्यात मरतेत."

चहा निवला होता. बाईंनी तो तसाच संपवला. "मी शब्द देत नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तक परत छापते, ते तर आमचंच चुकलं. कोरा कागद आणि एकदोन पातळ पुस्तिका काढून बघते. त्या लेखकाला वर्षभर थांबवते. वर्षभरच, सर. नाही चाललं तर मग मला काहीतरी करावंच लागेल."

वर्ष म्हणजे फार नव्हतं. पंचाक्षरींनी मान डोलावली. बाईंनी नळकांडं काखेत मारलं, आणि प्रदर्शनाला जायच्याऐवजी पुन्हा जिना चढून भिंतीकडेच्या त्याच स्टुलावर जाऊन बसल्या. आता त्यांचाही पाय हलत होता.

आत खेळ पुढं गेला होता. नव्या वेशीची विहीर आटली होती. फासे तसेच पडले होते, कुणाचा इलाज नव्हता. विहिरी वर्षातून एकदा जागा बदलतात हा नियम पुस्तकातलाच, आणि पाणी दक्षिणेला सरकल्याचं संस्कृतीनं नुकतंच सांगितलं होतं. पण दक्षिणेला कुणी जात नाही, असं ठरलेलं होतं.

"पाणाड्याला जाऊ दे," चंद्रिका हळूच म्हणाली. "कामच हाय त्यांचं. मामांना चालंल."

संस्कृतीनं पंचाक्षरींकडं बघितलं, आणि वर्गावरचा आवाज तिला लागेना. "काका, पुस्तक तुमी लिव्हलंय. तिकडं काय हाय ते तुमाला म्हाईत असंल की."

शिवू टेबलावर पुढं झुकला. देवयानीबाई स्टुलावरून उठल्या होत्या. सगळ्यांचे डोळे त्या शेवटच्या बाणावर, आणि मग पंचाक्षरींवर.

दरीची बावीस घरं त्यांच्या डोळ्यांपुढं होती. कुठल्या घरात कुठला पिवळा, ते झोपेतही सांगितलं असतं त्यांनी.

"न्हाय," ते म्हणाले. "मला म्हाईत न्हाय. मेंढरांची पावलं उमटली असतील, ती बघत जातो."

आणि त्यांनी फाशांसाठी हात पुढं केला.